एकच जुन्नर

"एक जुन्नर."

"एकच?" कंडक्टरनं वाकून माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. शेजारच्या सीटवर माझी पर्स होती आणि खिडकीतून वाकडेवाडीचा बसस्टँड दिसत होता. त्यानं मशीनची बटणं दाबली, कागदाची पट्टी फाडून दिली आणि "मावशी, सुट्टे द्या" म्हणून पुढे गेला. 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. चोपन्नाव्या वर्षी मी हाफ तिकीट काढून आयुष्यातला पहिला एकटीचा प्रवास सुरू केला.

खरं तर मला जायचं होतं इस्तंबूलला. जुन्नर ही रंगीत तालीम.

यजमान जाऊन चार वर्षं झाली. ते होते तोवर तिकिटं त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची आणि मी डब्याची पिशवी सांभाळायची. मुलगी जर्मनीत असते. आई एकटी तुर्कस्तानला निघालीय म्हटल्यावर तिनं फोनवर यादी पाठवली, तेवीस कलमांची. पासपोर्टच्या दोन प्रती काढ, एक सामानात, एक माझ्याकडे. खोलीचा नंबर मोठ्यानं सांगू नकोस. रस्त्यात नकाशा उघडून उभी राहू नकोस. नवरा हॉटेलात वाट बघतोय असं सांग. बोटात लग्नाची अंगठी घाल. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत: एकटी आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस.

या यादीची तालीम कुठे करायची? माझं माहेर मिरजेचं, सासर पुण्याचं. दोन्हीकडे चार पावलं गेलं की कोणीतरी भेटतंच. जुन्नर आणि आंबेगावात मात्र मला ओळखणारं कुत्रंही नाही. म्हणून एप्रिलातले तीन दिवस ठरवले. अंगठीच्या कलमासाठी कपाटातलं मंगळसूत्र काढून घातलं. चार वर्षांनी ते मानेला टोचत होतं.

मंचरला बस भरली. मंचर म्हणजे भाजीपाल्याचा मोठा बाजार. माझ्या पर्सच्या जागी एक साठीच्या बाई बसल्या, पायाशी पिशवी, पिशवीत कोथिंबीर. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "कुठं चालल्या, ताई?"

"जुन्नरला."

"कुणाकडं?"

"फिरायला." यादी आठवून घाईनं जोडलं, "हे येणार आहेत मागनं."

"मालक काय करतात?"

"बँकेत आहेत." पंचवीस वर्षं होते, तेवढं खरं.

"मग बरोबर नाय आले?"

"सुट्टी मिळाली नाही."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आज रविवार हाय की."

त्यानंतर कुठली बँक, कुठली शाखा, आमचा भाचाही त्याच बँकेत नारायणगावला आहे, त्याला विचारते, असं सुरू झालं. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. नारायणगाव येईपर्यंत मला घाम फुटला होता. मध्येच त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. 1962च्या युद्धात सीमेवर जवानांपुढे नाचून आलेली बाई. "तमाशातल्या बाया बघा," बाई म्हणाल्या, "निम्मं वर्ष गाडीत. रोज नवं गाव, रोज नवी माणसं. त्यांना कुणी इचारतं का, मालक कुठं?" मला हे उद्देशूनच होतं की काय, कळेना.

"राह्यचं कुठं?"

"लॉज बघीन."

"एकट्या बाईला लॉज कशाला? माझी भावजय हाय जुन्नरच्या अलीकडं. तिच्याकडं पाव्हणं उतरतात. फोन लावून देते."

यादीतलं नववं कलम: अनोळखी माणसानं सुचवलेल्या जागी राहू नकोस. मी नको म्हटलं. त्यांनी तरी तिकिटाच्या मागे नंबर लिहायला लावला.

जुन्नरात पहिल्या लॉजच्या काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "बरोबर कोण?"

"कोणी नाही."

"एकट्या लेडीजला देत नाही."

"का?"

"नियम आहे."

कोणाचा, ते त्याला सांगता येईना. असा काही कायदा नाही. ओळखपत्र दाखवलं की प्रौढ माणसाला खोली घेता येते, मग ती बाई असो की बुवा. मी वाद घातला, आवाज चढवला, आणि पिशवी उचलून बाहेर आले. राग आला होता, शिवाय उन्हाचा तडाखा होता. नवरा येणार आहे असं तिथंही सांगता आलं असतं, आणि मग कदाचित खोली मिळालीही असती. पण बसमधल्या त्या अर्ध्या तासानंतर ते तोंडातून निघेना. तिकीट उलटं केलं आणि नंबर फिरवला.

भावजयीचं घर माणिकडोहच्या रस्त्याला. पुढे अंगण, मागे गोठा, आणि गोठ्याला लागून ऊस. नणंदेचा फोन आधीच येऊन गेला होता: मिरजेची बाई आहे, मालक बँकेत आहेत. मी पाणी प्यायले आणि जरा पाय मोकळे करून येते म्हटलं, तर वहिनींनी मनगट धरलं. "रस्त्यानं जा. उसाच्या कडनं नको. आणि सातच्या आत घरात."

सातच्या आत घरात! मला माझी आजी आठवली. पण वहिनींचं कारण निराळं होतं. बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर मिळून जुन्नर वनविभाग होतो, आणि इथला बिबट्या डोंगर सोडून उसात राहायला आला त्याला आता पिढ्या झाल्या. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. उसात लपण आहे, पाणी आहे, कुत्री-शेळ्या आहेत. माद्या उसातच वितात. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. वहिनींनी मला एका दमात सगळं सांगितलं: तो वाकलेल्यावर, बसलेल्यावर झडप घालतो, म्हणून उसाच्या कडेला वाकून काही उचलू नको. उघड्यावर बसू नको. हातात काठी आणि बॅटरी. बोलत चाल, एकटी असलीस तर मोबाइलवर गाणं लाव, मोठ्यानं. दिसलाच तर पळू नको, पाठ फिरवू नको, ताठ उभी राहा, ओरड.

मी रस्त्याच्या मधून चालले. आजवर मला मिळालेला सल्ला एकाच शब्दात मावायचा: जपून. कॉलेजात जाताना जपून, रात्रीच्या शोहून येताना जपून, लग्नानंतरही जपून. कशापासून, ते कोणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाच लाज वाटायची. मग ज्याचं नाव घेतलं जात नाही ते सगळीकडे असल्यासारखं वाटतं आणि बाई घरातच बसते. इथं एका बाईनं दहा मिनिटांत धोक्याचं नाव, पत्ता, वेळ आणि सवयी सांगितल्या, आणि मी संध्याकाळी साडेसहापर्यंत बिनघोर फिरले.

रात्री मासवडी. डाळीचं पीठ पिठल्यासारखं घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, गरम असतानाच. वर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर, मसाला यांचं सारण पसरायचं आणि फडक्याच्याच आधारानं घडी घालून दाबायचं. मग तिला माशासारखा आकार येतो. कापल्यावर पिवळ्या कडेच्या आत काळपट सारण. बरोबर तर्रीदार रस्सा. मी थापायचा प्रयत्न केला आणि बोटं भाजून घेतली. वहिनी हसल्या. फडकं परत भिजवता भिजवता म्हणाल्या, "मालकांचा फोन नाय आला?"

मी पाटावर बसले होते. हात पिठाचे. म्हटलं, "ते नाहीत. चार वर्षं झाली."

वहिनी थांबल्या. मग माझ्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "मग हे काय बिबट्याला दाखवायला घातलं व्हय?"

दोघी हसायला लागलो ते थांबेचना. हसू ओसरल्यावर त्यांनी सांगितलं की त्यांच्या नणंदेला बसमध्येच शंका आली होती, म्हणून तिनं बजावलं होतं, बाई अडचणीत दिसती, एकटी सोडू नको. मी स्वतःला झाकायला जे घातलं त्यानंच मी डोळ्यांवर आले होते. मंगळसूत्र काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं. मुलीला कळवलं: कलम अंगठी, नापास.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. वहिनींच्या ओळखीच्या जीपवाल्यानं नेलं. त्याचं नाव आणि गाडीचा नंबर वहिनींनी लिहून घेतला, आणि त्याच्यादेखत घेतला. जुन्नरपासून तीसेक किलोमीटर, चावंडच्या बाजूनं घाटघरच्या पठारावर. एप्रिलात गर्दी नसते. पाऊस नाही म्हणून रील काढणारेही नसतात. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असं सांगतात. खाली गुहा. गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख, दोन हजार वर्षांहून जुना. कुठले यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दान दिली, याचे आकडे. भारतातल्या सगळ्यांत जुन्या आकड्यांपैकी हे आकडे, आणि ते बाईच्या हिशेबात आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा राहिल्यात.

या घाटानं सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल जुन्नरला चढायचा आणि त्याबरोबर परदेशी माणसंही. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांच्या दानांचे लेख आहेत. एकानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदवून दिल्या, एकानं संघासाठी भोजनमंडप, तिसऱ्यानं लेण्याचं दार. परक्या गावात कसं वागावं, याचा मला तरी याहून जुना धडा माहीत नाही. लेखात त्यांनी आपण यवन असल्याचं लपवलेलं नाही. नाव लिहिलं, मी बाहेरचा असंही लिहिलं, आणि गावाला ज्याची गरज होती ते, पाणी आणि जेवायची जागा, दिलं.

तिसरा दिवस आंबेगावचा. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि कचेरी घोडेगावात. घोडेगावहून पश्चिमेला गेलं की महादेव कोळ्यांच्या वाड्या लागतात. अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला. मी एका दारात पाणी मागायला वळले आणि पसरलेल्या हिरड्याच्या कडेवर पाय पडला. आतली म्हातारी काही बोलली नाही. उठली आणि माझ्या पायाखालचे हिरडे एकेक करून सरळ केले. वर्षाच्या रोख पैशाचं ते पीक. मी चपला काढून हातात घेतल्या, पायरीशी ठेवल्या, वाकून तिच्याबरोबर हिरडे वेचले. मग कोरा चहा आला, गुळाचा. फोटो काढू का विचारलं. "हिरड्याचा काढ," ती म्हणाली, "माझा नको." मी हिरड्याचा काढला.

तिथून पुढे माळीण. 30 जुलै 2014च्या सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. गाव दिसत नाही ही पहिली बातमी दिली ती रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं. वाचलेल्यांचं नवं गाव आमडे इथं वसवलंय. स्मारकाशी दोन जोडपी हसत सेल्फी काढत होती. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि थोडा वेळ बसून परतले. यावर जास्त लिहिण्याचा अधिकार मला नाही.

परतीच्या बसमध्ये पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' संपवली. देवरुखची ही विधवा, धोंडो केशव कर्व्यांची मेहुणी. त्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडली आणि 1918 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी नीट येत नसताना अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिली, भाषा शिकली, आश्रमासाठी पैसे जमवले आणि 1920 साली परत आली. विधवेचा वेश तिनं आधीच टाकला होता, तोही जाहीरपणे. माझी मंगळसूत्राची युक्ती तिला सांगितली असती तर ती काय म्हणाली असती, याचा मी चाकणपर्यंत विचार करत होते.

ऑक्टोबरात इस्तंबूल. विमानतळावर आधी घाबरले, मग रांगेत उभं राहून बसचं तिकीट काढलं. अंगठी नव्हती. हॉटेलात सकाळचा नाश्ता वाढणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. पहिल्या दिवशी माझ्या एका बशीकडे बघून त्यांनी विचारलं, "यालनिझ?" शब्दकोश काढला. एकटीच? मी हसले आणि मान हलवली. तीही चुकीची. तुर्कस्तानात हनुवटी वर करून 'च्' म्हटलं की नाही. आपल्याकडेही च् म्हणजे नाहीच, त्यामुळे हे मला एका दिवसात जमलं. सुलतानअहमद चौकात गोड बोलून भावाच्या गालिच्याच्या दुकानात नेऊ पाहणारे तरुण भेटतात. हनुवटी, च्, आणि पाय न थांबवता पुढे. थांबून सभ्यपणे कारणं देत बसलात की गेलात. कारणांचं काय होतं ते मी मंचर ते नारायणगाव शिकले होते.

खरा शोध लागला तो हाका मारण्यात. तिथं अनोळखी मोठ्या बाईला 'तेयझे' म्हणतात. तेयझे म्हणजे आईची बहीण, मावशी! थोरली बहीण ती आब्ला, काका तो आमजा. त्या नाश्त्याच्या बाईंना मी आब्ला म्हटल्याबरोबर त्यांनी माझा ताबाच घेतला. रोज निघताना कुठे जातेस विचारायच्या आणि मी नकाशावर बोट ठेवायचे. एका भागावर त्यांनी काट मारली, घड्याळात आठ दाखवले आणि पाकीट मारल्याचा अभिनय केला. वहिनींसारखंच: वाकायचं नाही, उसाच्या कडेनं जायचं नाही. जाताना हातात सिमित द्यायच्या, तिळात घोळवलेलं पावाचं कडं. संध्याकाळी मी आले की मान डोलावून घरी जायच्या.

बाकीचे रीतिरिवाज अवघड नाहीत. मशिदीत ओढणी डोक्यावर, चपला हातात, नमाज चालू असेल तर बाहेर थांबायचं आणि प्रार्थना करणाऱ्याच्या पुढून जायचं नाही. देवळात वाढलेल्या बाईला यात नवीन काय? लहान खानावळींत 'आइले सालोनू', म्हणजे कुटुंबाची खोली असते. माझ्यासारखीला तिकडे नेतात. पहिल्यांदा मला जुन्नरचा लॉजवाला आठवून राग आला, बाहेरच बसणार म्हटलं. बसले. सगळे पुरुष, सिगारेटचा धूर आणि फुटबॉलची मॅच. दुसऱ्या दिवशी मुकाट वरच्या कुटुंबाच्या खोलीत गेले, तर खिडकीतून समुद्र दिसत होता. आपला हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. लॉजवाल्याशी भांडले त्याचं मात्र वाईट वाटत नाही.

आणि एक तक्रार. गर्दीच्या ट्राममध्ये एकदा एका हातानं जे करायचं ते केलं. मी मराठीत ओरडले, पोटातून. डबा गप्प झाला, दोन बायकांनी मला आपल्या मध्ये ओढून घेतलं आणि तो पुढच्या स्टॉपला उतरून गेला. असं पुण्याच्या बसमध्येही झालंय, तेव्हा मी विशीत होते आणि गप्प राहिले होते. ट्राममध्ये ओरडायला मला तिथली भाषा लागली नाही.

परतल्यावर मुलीनं विचारलं, यादीचं काय करू, मैत्रिणीची आई निघालीय व्हिएतनामला. मी अंगठीचं आणि नवऱ्याचं कलम खोडायला सांगितलं. खोलीचा नंबर मोठ्यानं सांगू नये, हे तसंच ठेव म्हटलं. सगळ्यांत वरच्या ओळीवर आमचं भांडण झालं. ती म्हणते एकटी आहे हे कळू देऊ नये. मी म्हणते कुणाला, ते लिही. चौकातल्या गालिचेवाल्याला कशाला? पण नाश्ता वाढणाऱ्या बाईला, शेजारच्या सीटवर बसणारीला, जिच्या दारातून निघालात तिला कळलंच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी वाट कोण बघणार? पासपोर्टच्या प्रती काढाच. तुर्कस्तानात आणि युरोपातही मदतीचा नंबर आपल्यासारखाच 112 आहे, तो पाठ करावा लागत नाही.

वहिनींना इस्तंबूलहून निळ्या डोळ्याचा मणी आणला. तिकडेही त्याला नजरच म्हणतात. तो आता गोठ्याच्या दाराला टांगलाय. तुम्ही तिकडे गेलात तर दिसेल. अंधाराच्या आत परता, आणि नाहीच जमलं तर रस्त्याच्या मधून चाला, मोबाइलवर गाणं मोठ्यानं लावा. कुठलंही चालतं.